बेळगावच्या पावसात गोल्डन बॅरल निवडुंग कुंडीत टिकतो का?

टिकतो, पण उघड्या पावसात ठेवला तर नाही. तुमचा खालून मऊ आणि तपकिरी पडलाय म्हणता, म्हणजे पाणी जास्त झालंय. हा मूळचा मध्य मेक्सिकोतल्या कोरड्या डोंगरउतारांवरचा. आपल्याकडची आषाढातली झड त्याला सोसत नाही, जवळच्या, जास्त पावसाच्या खानापूरकडे तर त्याहून नाही. इथे बेळगावातल्या टिळकवाडीत मी मे संपला की कुंडी आत, भरपूर उजेडाच्या खिडकीत घेते आणि दसऱ्यापर्यंत जवळजवळ पाणीच देत नाही.

खरी गोष्ट मातीची. शेतातली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. 1 भाग लाल माती, 2 भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा घ्या. कुंडी मातीचीच, तळाला मोठं भोक असलेली. उन्हाळ्यातसुद्धा बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. शेंड्यावर ओतू नका.

आत्ता काय कराल? जुन्या वर्तमानपत्राची जाड पट्टी बुंध्याभोवती गुंडाळून झाड उपसा. फक्त मुळंच काळी असतील तर ती स्वच्छ सुरीने कापा, आठवडाभर सावलीत सुकवा, मग कोरड्या मिश्रणात लावा. गाभाच पाणचट झाला असेल तर मात्र ते वाचणं अवघड.