ट्रायपॉडची दांडी तुटली आहे? आधी आटे ओळखा

इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे अनंत चतुर्दशीची देखाव्यांची मिरवणूक, आठ दिवसांवर आल्यात, ट्रायपॉडच्या हेडची (कॅमेरा बसतो त्या फिरत्या माथ्याची) दांडी मुळाशी तुटलीय, तिच्या जागी काय लावता येईल, असं तुम्ही विचारलंय. लावता येईल, पण हाताला लागेल तो बोल्ट फिरवू नका. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आदल्या रात्री मी पाव इंची भोकात सहा एमएमचा बोल्ट आवळला. त्या सैल बोल्टनं ॲल्युमिनियमचे आटे खाल्ले, आणि हेड कायमचं गेलं.

कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला 20 आटे. तोच काढून दांडीच्या भोकात बोटांनी फिरवा. न अडता, न डुलता आत गेला तर काम सोपं. तोंडाशीच अडला तर भोक बहुधा सहा एमएमचं, सुळकन आत पडला तर आठचं; मग हेडच दुकानात न्या. पाव इंची भोकासाठी इंदूरच्या सियागंज बाजारात ‘दो सूत की फुल चूडी रॉड’ मागा, म्हणजे पाव इंची, लांबीभर आटे असलेली; तिथे आट्यांना चूडीच म्हणतात. ती व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाची, निघाली तरी हरकत नाही. तिच्या आट्यांचा कोन 60 ऐवजी 55 अंशांचा असतो, पण इंचाला आटे तेवढेच, त्यामुळे एवढ्या कामाला चालते.

आता खरी गोष्ट. दांडी कॅमेरा फिरवते तशी पिळल्यावर टिल्ट, म्हणजे कॅमेऱ्याचं वर-खाली झुकणं, आवळतेही. काही हेडमध्ये रॉडचं टोक आत जाऊन दाबतं. तिथे भोकाची खोली काडीनं मोजा आणि टोक कानशीनं गोल करा. काहींत चिरलेल्या कड्याचे दोन कान जवळ ओढले जातात. तिथे नुसता रॉड फिरतच राहील. त्याला खांदा हवा. कानाबाहेर एक वॉशर आणि एकमेकांवर घट्ट आवळलेले दोन नट, हाच खांदा.

मुठीला कानशीची लाकडी मूठ उत्तम. नुसतं चिकटवलंत तर सोडवताना रॉड मुठीतच फिरेल. म्हणून मागच्या टोकालाही दोन नट एकमेकांवर आवळा, मुठीचं भोक नट मावतील एवढं मोठं करा आणि सगळं एम-सीलमध्ये गाडा. नटाच्या सहा कडा पकड देतात. एकूण लांबी वीतभर तरी ठेवा, आखूड दांडीनं पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, झटके खातो.

रात्रभर सुकू द्या. सकाळी आधी कॅमेऱ्याच्या वजनाची पाण्याची बाटली बांधून हेड पुढे झुकवा. पाच मिनिटं तसंच टिकलं तरच कॅमेरा चढवा.