पुण्याचं सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशन किती खोल हाय, अन् तिथं खाली ऊन कसं पोचते?

साधारण ३३ मीटर, म्हणजे १०८ फूट. आमच्या वावरातली विहीर ५० फुटाची हाय, तशा दोन विहिरी एकावर एक ठेवा म्हणजे अंदाज येईन. मुलीच्या ॲडमिशनसाठी गेलो तेव्हा मी मुद्दाम उतरून पाह्यलं, छपरच असं डिझाईन केलंय की दिवसा ऊन सरळ खालच्या प्लॅटफॉर्मवर पडते, मले तर तेच सगळ्यात भारी वाटलं! पिंपरी-स्वारगेट लाईन इथं जमिनीखालून अन् वनाज-रामवाडी वरून पुलावरून जाते, दोन्ही इथंच भेटतात म्हणून गाडी बदलाची असली तर सरकत्या जिन्यानं बरंच वर या लागते. १ ऑगस्ट २०२३ ले चालू झालं, पुढं स्वारगेटपर्यंतचा बोगदा सप्टेंबर २०२४ मंधी. आपल्या नागपूरची मेट्रो जमिनीखालून धावत नाही, त्यामुळं पोराईले हे नक्की दाखवा.