इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद

प्रश्न: माझ्याकडे सॅन स्टॉर्म गाडी आहे, आपल्या गोव्यातच तयार झालेली. कांदोळीला घराच्या अंगणात उभी असते. इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो, पेट्रोलचा काटा नाचतो. आयडलिंग वर-खाली होतं आणि ब्रेक दाबून धरला की इंजिन बंद पडायला येतं. पेडलही कडक झालंय. नवी बॅटरी घालून फरक नाही. वायरमन म्हणतो, सगळं वायरिंग बदला. बदलू का?
– एक वाचक, कांदोळी

उत्तर: इतक्यात नको. वायरमनचं काय, त्याला काम मिळतं! तुमच्या सगळ्या तक्रारींची मुळं मला दोनच दिसतात.

तुमच्या गाडीची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा करंट बॉडीतूनच बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. फायबरमधून तो जात नाही, म्हणून दिव्यांना अर्थच्या वायरी ओढाव्या लागतात आणि पाच-सहा वायरी एकाच बोल्टखाली चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) कसतात. कांदोळीची खारी हवा आणि वर आपला पाऊस, बोल्टखाली हिरवी बुरशी धरणारच. परतीची वाट अडली की इंडिकेटरचा करंट दुसऱ्याच दिव्याच्या वायरीत घुसतो. काटा नाचतो तो त्यामुळे.

खात्री करायची तर हेडलाइट लावून ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर, दुसरं हेडलाइटच्या अर्थ वायरीच्या टोकावर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. मग बॅटरी सोडवा, बोल्ट खोला, थिंबलं (वायरींच्या टोकाच्या धातूच्या कड्या) आणि खालचं लोखंड पॉलिश पेपरने पांढरं होईपर्यंत घासा (चॅसीवरचा रंगसुद्धा), कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. इंजिन ते चॅसी जाणारी जाड अर्थ पट्टी विसरू नका, ती बऱ्याचदा आतून कुजलेली असते.

आता आयडलिंग आणि ब्रेक. ही भानगड एकच वाटते: ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडल दाबायला मदत करणारा डबा. त्याला व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळतो तो इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून. पाइप किंवा आतला पडदा फाटला की ब्रेक दाबताच इंजिनात फुकटची हवा शिरते, आयडलिंग बसतं, आणि बूस्टर मदत करत नाही म्हणून पेडल कडक. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबलेलंच धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर आधी पाइप बघा. क्लिपखालीच तो तडकतो, वरून दिसत नाही. पाइपमधला वन-वे व्हॉल्व्ह तोंडाने फुंका: एकाच बाजूने हवा जायला हवी. दोन्ही ठीक असतील तर बूस्टरच गेला. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारणारे मेकॅनिक आहेत. तो पेट घेतो, मी माझ्या गॅरेजात फवारू देत नाही.

हे होईपर्यंत चोर्ला घाटात गाडी नेऊ नका. काम काढलंच आहे तर ब्रेक ऑइलही बदला. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेलं 140 लाही उकळू शकतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला.