घर भाड्याने घेताना सुरक्षित वस्ती कशी ओळखावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीनिमित्त नव्या शहरात एकट्याने राहायला जायचे आहे, कामावरून परतायला रात्रीचे साडेनऊ वाजतात आणि भाड्याची दोन घरे हाताशी आहेत. पहिले घर नावाजलेल्या वस्तीतील मोठ्या संकुलात, तळमजल्यावर आणि मागच्या बाजूला आहे. दुसरे जुन्या, गजबजलेल्या गल्लीत, खाली दुकाने असलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. नातेवाइकांचा आग्रह पहिल्या घरासाठी आहे आणि सुरक्षित वस्ती ओळखायची कशी, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. गेल्या एकोणीस वर्षांत मी चार शहरांत भाड्याची सात घरे बदलली. त्यांतले पहिले घर मी केवळ वस्तीच्या नावावर घेतले होते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

त्या वस्तीचे नाव सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलत असे. घर नीटनेटके होते, शेजारी सभ्य होते, फाटकावर रखवालदारही होता. परंतु बसथांब्यापासून घरापर्यंत सुमारे सातशे पावले चालावे लागे आणि त्यांतल्या मधल्या चारशे पावलांना दोन्ही बाजूंनी डोक्याहून उंच कुंपणभिंती होत्या. भिंतींपलीकडे बंगले होते, पण त्यांच्या खिडक्या आतल्या बागेकडे उघडत. रस्त्याकडे तोंड करून एक दारदेखील नव्हते. दिवे मोजून सहा होते आणि सहाही झाडांच्या फांद्यांत असे गुरफटलेले होते, की उजेड पानांवर पडे आणि खाली रस्ता काळाच राही. एका रात्री एक दुचाकीस्वार माझ्या चालण्याच्या गतीने, माझ्या बरोबरीने, एक शब्दही न बोलता ती चारशे पावले आला आणि वळणावर वेग वाढवून निघून गेला. घडले काहीच नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? मात्र मी ओरडले असते तर ते कुणाच्या कानावर गेले असते, हा प्रश्न त्या रात्री मला प्रथमच पडला आणि उत्तर सरळ होते: कुणाच्याच नाही. रखवालदार होता, परंतु तो फाटकाच्या आतल्या माणसांसाठी होता आणि माझा धोका फाटकाच्या बाहेर होता.

यातून मी जे शिकले ते असे, की सुरक्षितता वस्तीच्या नावात शोधू नये. ती गल्लीत, आणि त्याहीपेक्षा नेमक्या त्या वाटेवर शोधावी, जिथून आपण रोज येणार-जाणार आहोत. हे केवळ माझ्या एकटीच्या अनुभवावरून म्हणत नाही. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शेरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात पोलिसांकडे वर्षभरात आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. शहरातल्या अवघ्या ३.३ टक्के पत्त्यांवरून सुमारे ५० टक्के दूरध्वनी आले होते, असे त्यात आढळले. पुढे इतर अनेक शहरांतही हेच चित्र दिसले, की गुन्हे वस्तीभर सारखे पसरलेले नसतात, ते मोजक्या रस्त्यांवर आणि कोपऱ्यांवर साचलेले असतात. म्हणजे बदनाम समजल्या जाणाऱ्या वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्या शांत असू शकतात आणि प्रतिष्ठित वस्तीतला एखादा कोपरा वर्षानुवर्षे त्रासाचा असू शकतो. वस्तीचे नाव ऐकून घर निवडणे म्हणजे जिल्ह्याची सरासरी पाहून आपल्या विहिरीला पाणी किती असेल हे ठरवण्यासारखे आहे.

काही शहरांत पोलीस गुन्ह्यांचे नकाशे किंवा आकडे प्रसिद्ध करतात. ते अवश्य पाहावेत, परंतु वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रेल्वे स्थानक, बाजारपेठ, करमणुकीची ठिकाणे असलेल्या भागात दिवसभरात बाहेरची असंख्य माणसे येऊन जातात. तिथल्या खिसेकापूपणाला तिथल्या मोजक्या रहिवाशांच्या संख्येने भागले, की तो भाग विनाकारण भयंकर दिसतो. दुसरे असे, की नोंदवलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा एक नव्हे. जिथे लोकांचा पोलिसांवर विश्वास आहे तिथे नोंदी जास्त होतात आणि जिथे तक्रार करून काही होत नाही अशी समजूत आहे, तिथला नकाशा स्वच्छ दिसतो. म्हणून मी एकूण आकड्यापेक्षा गुन्ह्याचा प्रकार आणि त्याची वेळ पाहते. दुपारी बाजारात झालेल्या पाकीटमारीचा माझ्या रात्रीच्या वाटेशी फारसा संबंध नसतो; घरफोडी आणि रस्त्यावर अडवून केलेली लूट यांचा असतो.

यापुढचे काम पायांनी करायचे आहे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. घर दाखवणारा माणूस बहुधा सकाळी अकरा वाजता, उन्हात आणि वाहनातून नेतो. त्या वेळी कोणतीही गल्ली निरुपद्रवीच दिसते. आपण कामाच्या दिवशी, आपल्याच परतीच्या वेळी, थांब्यापासून दारापर्यंत चालत जावे. एकदा त्याहून तासभर उशिरा आणि एकदा सुट्टीच्या दुपारी जावे, कारण कचेऱ्या-दुकाने असलेले काही रस्ते सुट्टीच्या दिवशी इतके ओस पडतात, की ते तेच रस्ते आहेत हे ओळखू येत नाही. पहिल्या फेरीत कुणी सोबत असले तर बरे. चालताना भ्रमणध्वनीवर बोलू नये आणि कानात काही घालू नये. आपण तिथे ऐकायला आणि पाहायलाच गेलेलो असतो.

पाहायचे काय? रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या आणि दारे किती आहेत, त्यांतल्या किती उजळलेल्या आहेत, ओट्यावर किंवा गॅलरीत कुणी बसलेले आहे का, हे मी आधी पाहते. जेन जेकब्ज या अमेरिकी विचारवंत बाईंनी १९६१ मध्ये 'रस्त्यावरचे डोळे' ही कल्पना मांडली. शहरातला रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर तिथे राहणाऱ्या आणि व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या सहज नजरेमुळे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि माझ्या सात घरांनी मला तेच शिकवले. रात्री दहापर्यंत उघडे राहणारे एखादे औषधांचे दुकान, दिवा लावून शिवणयंत्र चालवणारा शिंपी, जेवणानंतर शतपावली करणारी वृद्ध जोडपी, ही माणसे गल्लीत असली की ती राखण करत आहेत हे त्यांनाही ठाऊक नसते. विशेषतः एकटी बाई मान वर करून, न घाईने चालताना दिसली, तर मी त्या गल्लीला मनातल्या मनात बरेच गुण देते. उलट, गर्दी म्हणजे सुरक्षितता असेही मानू नये. ज्या कोपऱ्यावर केवळ एकाच प्रकारची माणसे, एकाच हेतूने, रात्री उशिरापर्यंत रेंगाळतात, तिथले डोळे आपल्या बाजूचे असतीलच असे नाही.

दिव्यांबद्दल एक शब्द. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये काही सार्वजनिक गृहसंकुलांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ठिकाणी जादा दिवे लावून पाहिले, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उजेडाने फरक पडतो, हे खरेच आहे. पण नुसते खांब मोजू नयेत. एकच झगझगीत दिवा आणि पुढे लांबवर काळोख, यापेक्षा मंद पण सलग उजेड चांगला, कारण प्रखर दिव्याखालून पुढे पाहणाऱ्याला काळोखातले काहीच दिसत नाही, काळोखातल्याला मात्र तो पुरता दिसतो. समोरून येणाऱ्याचा चेहरा पंधरा-वीस पावलांवरून ओळखता येतो का, एवढी परीक्षा पुरेशी आहे.

आता विचारपूस. 'ही वस्ती सुरक्षित आहे का?' हा प्रश्न मी कधीच विचारत नाही, कारण दलालाला घर द्यायचे असते, घरमालकाला भाडे हवे असते आणि रहिवाशाला आपल्या वस्तीचा अभिमान असतो. तिघांचेही उत्तर 'अगदी सुरक्षित' हेच येते. त्याऐवजी मी विचारते, "रात्री दहानंतर औषध आणायचे झाले तर तुम्ही कोणत्या बाजूने जाता?" चौथ्या घराच्या वेळी हा प्रश्न मी जिन्यात भेटलेल्या एका आजींना विचारला. "पुढच्याच बाजूने, बाई. मागच्या बोळातून आम्ही दिवे लागल्यावर जात नाही," असे त्या सहज म्हणाल्या. घरमालकाने थांबा जवळ आहे म्हणून ज्या बोळाचे कौतुक केले होते, तो हाच बोळ. घर मी तरीही घेतले, पण थांबा पाच मिनिटे नव्हे तर बारा मिनिटे दूर आहे, हे धरून घेतले.

विचारपूस करताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते आणि ती स्वतःच्याच बाबतीत. 'ती वस्ती बरी नाही' असे लोक जेव्हा म्हणतात, तेव्हा अनेकदा त्यांचा अर्थ 'तिथे आपल्यासारखी माणसे राहत नाहीत' एवढाच असतो. गरिबी, वेगळी भाषा, वेगळा धर्म यांना धोका समजण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते. अशा वेळी नम्रपणे विचारावे, "तिथे नेमके काय घडले होते, आणि केव्हा?" उत्तरात घटना आली तर ती नोंदवावी; नुसते नाक मुरडणे आले तर सोडून द्यावे. आणि तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या माणसाचे मत सर्वांत मोलाचे मानावे. एकटीने राहून रात्री परतणाऱ्या मुलीला जे ठाऊक असते, ते चारचाकीने घरी येणाऱ्या कुटुंबप्रमुखाला ठाऊक नसते.

सुरक्षितता म्हटली की आपण चोर आणि गुंड डोळ्यांसमोर आणतो, पण घरासमोरचा रस्ता ओलांडणे हा त्याहून नेमाचा धोका आहे. २०२१ मध्ये जगभरात रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मेली. त्याच वर्षी खुनांत मेलेल्यांची संख्या सुमारे ४ लाख ५८ हजार होती. तेव्हा थांबा रस्त्याच्या पलीकडे असेल, तर तिथे पदपथ, गतिरोधक किंवा ओलांडण्याची नीट जागा आहे का, हे घराच्या रंगापेक्षा आधी पाहावे.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही, पण काही गोष्टी टाळता येणार नाहीत. शेजारी अलीकडे घरफोडी झाली होती का, हे आवर्जून विचारावे. पाच देशांतल्या दहा ठिकाणांच्या आकडेवारीवर आधारित एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका घरी चोरी झाली की आसपासच्या २०० मीटरमधल्या घरांना पुढचे किमान दोन आठवडे जास्त धोका असतो, असे त्यात दिसले. म्हणजे चोर ओळखीच्या जागी परत येतो. खिडक्यांना जाळ्या असाव्यात, पण किमान एक जाळी आतून उघडणारी असावी, नाहीतर आगीच्या वेळी तीच जाळी आपल्याला कोंडून ठेवते. जिन्यात सामान रचलेले असेल, किंवा गल्ली इतकी अरुंद असेल की अग्निशमन दलाची गाडी आत येणार नाही, तर मी सरळ नकार देते. तळमजल्यावरच्या भिंतीला गुडघ्याइतक्या उंचीवर ओलीची आडवी रेघ असेल आणि त्यावर नुकताच रंग दिलेला असेल, तर पावसाळ्यात पाणी कुठवर येते हे घरमालकाला नव्हे, समोरच्या दुकानदाराला विचारावे.

आपल्या दोन घरांपैकी, केवळ आपण लिहिलेल्या माहितीवरून, मी दुसऱ्या घराकडे झुकेन. तळमजला आणि मागची बाजू हे एकत्र आले की खिडकीशी कुणी काय करत आहे हे कुणालाच दिसत नाही, आणि संकुलाची प्रतिष्ठा त्या खिडकीवर पहारा देत नाही. मात्र माझे मत दोन गोष्टींवर अवलंबून आहे. खालची दुकाने आपल्या परतीच्या वेळी उघडी असली पाहिजेत; ती आठ वाजता बंद होत असतील तर ती गल्ली आपल्यासाठी गजबजलेली नाहीच. आणि दुकानांच्या बाजूने वर जाणाऱ्या जिन्याला रात्री कुलूप लागते का, लागत असल्यास किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे कळले पाहिजे. उद्या-परवा साडेनऊला तिथे एक फेरी मारा. घर ठरलेच, तर सामान आणण्यापूर्वी मालकाला सांगून मुख्य दाराचे कुलूप बदलून घ्या, कारण आधीच्या भाडेकरूंनी किती किल्ल्या करून घेतल्या होत्या, हे मालकालाही ठाऊक नसते.