रवांडाला पहिल्यांदाच जातोय, निघण्याआधी काय माहीत असायला हवं?

सगळ्यात आधी बॅगेतल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढा. रवांडात 2008पासून त्यांच्यावर कायद्यानेच बंदी आहे. आपण चिवडा-चकली सवयीने पिशवीत बांधतो आणि चपलाही कॅरीबॅगमध्ये कोंबतो. राजधानी किगालीच्या विमानतळावर सामानात अशी पिशवी सापडली तर काढून घेतात. त्यापेक्षा डबे आणि कापडी पिशव्या न्या.

दुसरं, महिन्याचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी सकाळी 8 ते 11 'उमुगांडा', म्हणजे सार्वजनिक श्रमदान असतं. दुकानं बंद, रस्ते ओस, त्यामुळे त्या वेळेत कुठे निघायचा बेत नको.

मोटारसायकल टॅक्सीवर चालक तुमच्या हातात जादा हेल्मेट देतो, ते घालावंच लागतं. मागे एकच प्रवासी. ट्रिपल सीट विसरा.

आणि हुतू व तुत्सी हे इथले दोन समाज. कुणाला 'तुम्ही हुतू की तुत्सी?' असं चुकूनही विचारू नका. याच भेदातून झालेल्या 1994च्या तुत्सींच्या नरसंहाराची जखम अजून ओली आहे.

किगाली दीड हजार मीटरवर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतो. मच्छर मात्र आहेतच, मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

व्हिसा आणि लसीचे नियम मात्र बदलतात, ते तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावरच बघा.