पडद्याला बटण लावण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझ्या पडद्याचे फोटो पाहिले. काठावर वाहक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या, धाग्याने भरलेली पाच स्पर्श-बटणं, दिव्याचं एक, पंख्याचं एक, गाण्याचं एक. भरतकाम सुरेख आहे. पण पडद्याला बटण हवंच कशाला? पडदा आपण ओढतो, सारतो, गोळा करून बांधतो. तो गोळा झाला की त्याच्या चुण्या एकमेकींना टेकतात. शेजारशेजारच्या चुण्यांवर वाहक कापडाच्या पट्ट्या शिवल्यास, तर पडदा उघडा की मिटलेला हे पडद्यालाच कळेल. घरातल्या आजीलाही काही नवं शिकावं लागणार नाही. बटणं काय, भिंतीवरही आहेत.

हा मोह जुनाच आहे म्हणा. 1997च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये जॅकेटवर भरतकामाचा कीपॅड करून त्यातून संगीत वाजवलं होतं. तेव्हा कापडातून वीज खेळवता येते, हे दाखवणंच मोठं होतं. 2017मध्ये गूगल आणि लीवायसने आणलेलं जॅकेट मला जास्त शिकवून गेलं. त्यात वाहक धागा मनगटाजवळच्या विणीतच होता. बाहीवरून हात फिरवला की गाणं पुढे जायचं. बाहीवरून हात तर आपण एरवीही फिरवतो. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सचा तुकडा काढून ठेवता यायचा, म्हणजे जॅकेट धुता यायचं. तूही सर्किट टिच बटणांवर बसव. धातूची टिच बटणं वीजही नेतात आणि धुण्याआधी पटकन सुटतात.

आता माझी फजिती ऐक. मी एक उशी केली होती, टेकलं की दिवा लागणारी. दोन वाहक कापडांच्या मध्ये दाबाला प्रतिसाद देणारा काळा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा. दाब वाढला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. मी एक आकडा ठरवला, त्याखाली रोध गेला की दिवा. पहिल्या दिवशी सगळे खूश. काही आठवड्यांनी उशीवर कुणी नसतानाही दिवा जळत राहायला लागला. स्पंज दबून बसला होता, पत्राही मूळ स्थितीत पुरता परतत नव्हता. मी आठवडाभर सर्किट उसवत बसले, दोष मात्र माझ्या आकड्यात होता. कापड रोज थोडं बदलतं, सैल पडतं, दमटपणा धरतं. म्हणून नेमका आकडा पाहू नकोस, बदल पाहा. गेल्या काही मिनिटांची सरासरी काढत राहा आणि तिच्यापासून एकदम फारकत झाली तरच दिवा लाव. मात्र कुणी टेकून बसलेलं असताना ती सरासरी पुढे सरकू देऊ नकोस, नाहीतर वाचणाऱ्याचा दिवा मध्येच विझेल. हेही मला नंतरच कळलं.

धाग्याबद्दल थोडक्यात. चांदीचा मुलामा असलेला नायलॉन वीज चांगली नेतो, पण घामाने, ब्लीचने काळवंडतो. स्टीलचा धागा टिकतो, पण ताठर असतो. गाठ आपोआप सुटते, म्हणून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोड. लांबी वाढली की रोध वाढतो, तेव्हा शिवण्याआधी मल्टिमीटर लावून रोध मोज. घरच्या मेन्सची वीज कापडाच्या जवळपासही नको. पडद्यात बॅटरीचे तीन-पाच व्होल्ट पुरे, दिव्याला निरोप बिनतारी जाऊ दे.

आणि एक काम, तुला कंटाळवाणं वाटेल. साधा पडदा, काहीही न शिवलेला, आठ दिवस टांग आणि लोक त्याला कुठे, कसा हात लावतात ते लिहून ठेव. कुणी काठ चुरगाळत बसेल, कुणी पाठीनेच ढकलेल. मला पुढच्या वेळी आराखडा नको, ती टिपणं पाठव.

तिसऱ्या बटणाच्या मागे गाठीबाहेर धाग्याचं एक शेपूट लोंबतंय, फोटोत स्पष्ट दिसतं. ते शेजारच्या ओळीला टेकून शॉर्ट होईल. आधी ते काप.

तुझी,
ताई