वाचकांचे प्रश्न : परक्या देशातलं युद्ध आणि फुटबॉलचं मैदान

प्रश्न : युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाला चार दिवसांत जागतिक फुटबॉलबाहेर काढलं गेलं. फिफा एरवी इतक्या झटपट निर्णय घेत नाही. मग हे कसं जमलं?

फिफाला ते करायला भाग पाडलं गेलं. तारखा ओळीने पाहिल्या की हे लक्षात येतं. हल्ला झाला गुरुवारी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. दुसऱ्या दिवशी यूएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल महासंघांच्या संघटनेने, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसलगतच्या स्टाड द फ्रान्सवर नेली. खरा पेच त्याच्या पुढचा होता. २४ मार्चला मॉस्कोत रशिया आणि पोलंड यांचा विश्वचषक पात्रतेचा प्ले-ऑफ ठरलेला होता. २६ तारखेला पोलिश महासंघाचे अध्यक्ष चेझारी कुलेशा यांनी जाहीर केलं, की पोलंड खेळणार नाही. कर्णधार रॉबर्ट लेवांडोव्स्कीने लगेच उघड पाठिंबा दिला. या लढतीतल्या विजेत्याची पुढची गाठ स्वीडन किंवा चेक प्रजासत्ताकाशी पडणार होती. त्या दोघांनीही पोलंडची री ओढली.

२७ तारखेला फिफाने मधला मार्ग सुचवला: रशियाने देशाच्या नावाऐवजी महासंघाच्या नावाने, झेंडा आणि राष्ट्रगीताविना, त्रयस्थ मैदानावर खेळावं. पोलंडने तो त्याच दिवशी धुडकावला. २८ तारखेला फिफा आणि यूएफाने रशियाचे सगळे राष्ट्रीय संघ आणि क्लब निलंबित केले.

एकट्या संघाने बहिष्कार टाकला, तर तो हरला असं धरतात, वर दंडही होतो. स्पर्धा पुढे सरकते. इथे मात्र त्या वाटेवरचे तिन्ही प्रतिस्पर्धी एकत्र उठले, त्यामुळे रशियाशी खेळायला कुणी उरलंच नाही. क्रीडा लवाद न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये रशियाचं अपील फेटाळलं. लवादाने कारण दिलं ते असं, की युद्धामुळे जगभर उमटलेल्या प्रतिक्रियेने अभूतपूर्व परिस्थिती निर्माण झाली होती आणि सामने सुरक्षित व सुरळीत पार पाडण्यासाठी पावलं उचलणं भाग होतं. युद्धाचा दोष कुणाचा, यावर लवादाने निवाडा दिलेला नाही. पुढच्या कुठल्याही युद्धाच्या वेळी हा निकाल पुढे केला जाईल, म्हणून त्यातलं हे अंतर ध्यानात ठेवायला हवं.

हाच उपाय पुन्हा एकदा लागू पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये यूएफाने रशियाच्या १७ वर्षांखालील संघांना परत घ्यायचं ठरवलं. इंग्लंड, पोलंड, स्वीडन आणि आणखी काही महासंघांनी त्यांच्याशी खेळणार नाही असं कळवलं आणि ऑक्टोबरमध्ये यूएफाला तो बेत गुंडाळावा लागला.

याआधीचं ठळक उदाहरण १९९२ चं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव ७५७ नंतर युगोस्लाव्हियाला युरो स्पर्धेतून वगळलं, जागा डेन्मार्कला मिळाली आणि डेन्मार्कने चषकच जिंकला. पण तिथे आधी सरकारांनी निर्बंध घातले होते. २०२२ मध्ये पुढाकार महासंघांचा होता.

प्रश्न : दंडावर पट्टी बांधणं, टी-शर्ट घालणं, एक मिनिट टाळ्या वाजवणं याने युद्ध थांबत नाही. मग त्याला अर्थ काय? आणि याला परवानगी लागते का?

परवानगीचं आधी सांगतो. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम पोशाखाचा आहे. खेळाडूच्या पोशाखावर, आतल्या बनियनवरसुद्धा, राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर वा चित्र चालत नाही. पंच सामन्यात त्यावर निवाडा देत बसत नाही. शिक्षा नंतर स्पर्धेचे आयोजक, राष्ट्रीय महासंघ किंवा फिफा करते. म्हणून आयोजकाने आधीच होकार दिलेला असला, तर तीच पट्टी निर्धास्त बांधता येते. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्याअखेर प्रीमियर लीगच्या सगळ्या कर्णधारांनी निळ्या-पिवळ्या पट्ट्या बांधल्या. तो निर्णय खुद्द लीगचा होता, त्यामुळे प्रश्नच आला नाही. सराव करताना घातलेले टी-शर्ट किंवा मैदानावर येताना पांघरलेला झेंडा हा सामन्याच्या पोशाखाचा भाग नसतो. तिथे मोकळीक जास्त मिळते. २६ फेब्रुवारीला गुडिसन पार्कवर एव्हर्टनचे खेळाडू युक्रेनचा झेंडा पांघरून आले आणि मँचेस्टर सिटीचे ‘युद्ध नको’ लिहिलेले शर्ट घालून. ते याच फटीतून.

‘राजकीय’ कशाला म्हणायचं, इथे घोळ होतो. २०१६ मध्ये युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ पॉपीचं लाल फूल लावलं म्हणून फिफाने इंग्लंडला ४५,००० स्विस फ्रँकचा दंड केला. टीका इतकी झाली, की पुढच्याच वर्षी नियमाची भाषा सैल करावी लागली. २०२१ मध्ये युक्रेनच्या जर्सीवर क्रिमियासह नकाशा होता. यूएफाने नकाशा चालवून घेतला, पण कॉलरच्या आतली ‘वीरांना गौरव’ ही ओळ काढायला लावली.

आता अर्थाचं. युद्धाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिस्बनमध्ये बेन्फिकाचा युक्रेनियन खेळाडू रोमान यारेमचुक बदली म्हणून उतरला. सहकारी यान व्हर्टोंगनने कर्णधाराची पट्टी त्याच्या दंडावर चढवली, सगळं मैदान उभं राहिलं आणि त्याला रडू आवरेना. ज्याचं घर बाँबखाली आहे त्याला सहकारी सोबत असल्याचं कळतं, एवढंच काम अशी कृती करते. ते काम मला मोलाचं वाटतं. त्यापलीकडचं ओझं तिच्यावर लादू नये. आणि ती मनापासून नसेल तर उलटते. ५ मार्चला बर्नलीच्या मैदानावर युक्रेनसाठी टाळ्या वाजत असताना चेल्सीच्या काही समर्थकांनी क्लबचे रशियन मालक रोमान अब्रामोविच यांच्या नावाचा गजर केला. प्रशिक्षक थॉमस टुखेल यांना आपल्याच प्रेक्षकांना जाहीरपणे समज द्यावी लागली.

प्रश्न : मदतीसाठी भरवलेल्या सामन्यांचे पैसे खरंच पोचतात का? सामना भरवताना काय पाहावं?

जाहिरातीत ‘उत्पन्न’ लिहिलंय की ‘नफा’, हे आधी वाचा. मैदान, पोलीस, विमा, प्रवास, दिवे यांचा खर्च वजा केल्यावर नफा कधी कधी नाममात्र उरतो. त्यापेक्षा तिकिटामागे ठरावीक रक्कम बाजूला काढणं सर्वांत स्वच्छ. स्कॉटलंडने हेच केलं. २४ मार्च २०२२ ला त्यांचा युक्रेनशी प्ले-ऑफ होता. तो जूनवर ढकलायला त्यांनी हरकत घेतली नाही. त्याच दिवशी मॉस्कोची लढत रद्द झाल्याने पोलंडही मोकळा होता. मग हे दोघे हॅम्पडेन पार्कवर मैत्रीपूर्ण सामना खेळले आणि प्रत्येक विकल्या गेलेल्या तिकिटामागे १० पौंड युनिसेफच्या युक्रेन निधीला देण्यात आले. हिशेब कुणालाही करता येतो: तिकिटं गुणिले दहा. जूनमध्ये त्याच मैदानावर युक्रेनने स्कॉटलंडला ३-१ ने हरवून विश्वचषकाबाहेर घालवलं. सामना पुढे ढकलू देण्याची किंमत त्यांनी अशी मोजली, आणि कुरकुर केली नाही.

पैसा घेणारी संस्थाही आधी ठरलेली हवी आणि कामही. ऑगस्ट २०२३ मध्ये आंद्री शेव्हचेन्को आणि ओलेक्सांद्र झिंचेन्को या युक्रेनच्या फुटबॉलपटूंनी चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर सामना भरवला. पैसा युक्रेन सरकारच्या ‘युनायटेड २४’ या निधीकडे जाणार होता आणि काम होतं चेर्निहिव्ह प्रांतातली एक पडकी शाळा पुन्हा उभी करण्याचं. शाळा उभी राहिली की नाही, हे तपासता येतं. ‘पीडितांसाठी’ एवढंच लिहिलेलं असलं की ते येत नाही.

उलट उदाहरण चेल्सीचंच. मे २०२२ मध्ये क्लब २.५ अब्ज पौंडांना विकला गेला आणि ती रक्कम युक्रेनच्या युद्धपीडितांसाठी असेल असं जाहीर झालं. पुढे अडलं एका शब्दावर: पैसा फक्त युक्रेनच्या हद्दीत खर्चायचा, की युद्धाची झळ बसलेल्या सर्वांसाठी? ब्रिटिश सरकारचं म्हणणं एक, अब्रामोविच यांच्या बाजूचं दुसरं. त्या वादात पैसा गोठवलेल्या खात्यात वर्षानुवर्षं पडून राहिला. विक्रीच्या करारातच लाभार्थी आणि भौगोलिक हद्द लिहून घेतली असती, तर माझ्या मते हे टळलं असतं.

सामन्याचा दुसरा उपयोग सहसा कुणी सांगत नाही. युक्रेनची लीग हिवाळी सुट्टीनंतर २५ फेब्रुवारीला सुरू व्हायची होती, हल्ला आदल्या दिवशी झाला. देशात खेळणाऱ्या खेळाडूंनी डिसेंबरनंतर स्पर्धात्मक सामना पाहिलेलाच नव्हता. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला मार्शल लॉने बंदी असल्याने खेळाडूंसाठी खास परवानगी काढावी लागली. संघाचं शिबिर स्लोव्हेनियात लागलं. मग बोरुसिया म्योंशनग्लाडबाखने ११ मे रोजी त्यांना आपल्या मैदानावर बोलावलं, युक्रेन २-१ ने जिंकला. दिनामो कीव्ह आणि शाख्तार दोनेत्स्क हे क्लबही युरोपभर खेळत फिरले. डॉर्टमुंड, लेगिया वॉर्सा, ऑलिंपियाकोस, फेनरबाचे अशा यजमानांनी त्यांना मदतीच्या पैशाबरोबर पायात बळही दिलं. एखाद्या क्लबला युद्धग्रस्त देशाच्या संघासाठी काही करायचं असेल, तर नीट सरावाची सोय आणि दमदार प्रतिस्पर्धी यांहून उपयोगी भेट मला तरी दिसत नाही.

प्रश्न : युद्धातून पळून आलेल्या खेळाडूंचं काय? त्यांचे करार तर जुन्याच क्लबशी असतात.

फिफाने ७ मार्च २०२२ रोजी तात्पुरते नियम काढले. युक्रेनमधल्या परदेशी खेळाडूंचे करार ३० जूनपर्यंत आपोआप स्थगित धरले गेले. स्थगित म्हणजे रद्द नव्हे. मुदत संपली की खेळाडू परत जुन्या क्लबचा. रशियातल्या परदेशी खेळाडूंना, क्लबशी १० मार्चपर्यंत समझोता न झाल्यास, एकतर्फी स्थगितीचा हक्क मिळाला. बदलीची खिडकी, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलण्याचा ठरावीक काळ, बंद असूनही ७ एप्रिलपर्यंत त्यांची नोंदणी करता येत होती, मात्र एका क्लबला असे दोनच खेळाडू. कुणी श्रीमंत क्लबाने लूट करू नये म्हणून ही मर्यादा होती. १८ वर्षांखालच्यांची देशाबाहेर बदली एरवी जवळजवळ बंदच असते. निर्वासित मुलांना त्यातून सूट मिळाली.

यात नुकसान झालं ते नेमकं युक्रेनच्या क्लबांचं. जूनमध्ये स्थगिती आणखी एक वर्ष वाढली. इस्रायली खेळाडू मॅनर सॉलोमन शाख्तारकडून फुलहॅमला गेला, पण शाख्तारच्या हाती बदलीची रक्कम आली नाही. शाख्तारने फिफाकडे ५ कोटी युरोंची भरपाई मागितली. लवादाने जानेवारी २०२३ मध्ये तीही नाकारली. खेळाडूला मोकळं करणं योग्यच होतं. पण त्याचा भुर्दंड युद्धात होरपळणाऱ्या क्लबच्या माथी मारायला नको होता. फिफाकडे त्यासाठी पैसा नक्कीच होता.

प्रश्न : युक्रेनसाठी जे चाललं ते गाझासाठी का चालत नाही?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि तो आजचाही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्येच तुर्कस्तानात आयकुत देमिर या खेळाडूने ‘युद्ध नको’चा शर्ट घालायला नकार दिला होता. मध्यपूर्वेत हजारो मरतात तेव्हा हे शर्ट कुठे असतात, असं त्याचं म्हणणं होतं.

युक्रेनच्या बाबतीत युरोपातली जवळपास सगळी सरकारं एका बाजूला होती. त्यामुळे क्लबांना निळा-पिवळा रंग ‘राजकीय’ वाटलाच नाही. जिथे सरकारं आणि खुद्द प्रेक्षक विभागलेले असतात, तिथे तेच क्लब नियमावलीच्या आड जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लिश महासंघाने वेम्बली मैदानावरची कमान इस्रायलच्या रंगात उजळली नाही. त्याऐवजी इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशा दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी मौन पाळलं आणि काळ्या पट्ट्या बांधल्या. त्यावर दोन्हीकडून टीका झाली. त्याच महिन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्ध पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावल्याबद्दल यूएफाने नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबला १७,५०० युरोंचा दंड केला. जर्मनीत माइंझ क्लबने अन्वर एल गाझी या खेळाडूचा करार या युद्धाबद्दलच्या त्याच्या सोशल मीडियावरच्या पोस्टवरून तोडला, पण जुलै २०२४ मध्ये कामगार न्यायालयाने ती बडतर्फी बेकायदा ठरवली.

नियम एकच आणि वापर दोन, हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. त्यातूनही वाट काढणारे आहेत. डब्लिनच्या बोहेमियन्स क्लबने मे २०२४ मध्ये पॅलेस्टाइनच्या महिला संघाला डॅलिमाउंट पार्कवर खेळायला बोलावलं. नॉर्वेला ऑक्टोबर २०२५ मध्ये पात्रता फेरीत इस्रायलशी खेळणं भाग होतं. महासंघाने सामन्याचा नफा गाझातल्या कामासाठी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला द्यायचं आधीच जाहीर केलं.

प्रश्न : क्लब काही करत नसेल तर समर्थकांनी काय करावं? दंड तर क्लबलाच होतो.

बरोबर, स्टँडमधल्या वर्तनासाठी यूएफा क्लबलाच जबाबदार धरते. फेनरबाचेच्या समर्थकांनी जुलै २०२२ मध्ये दिनामो कीव्हविरुद्ध पुतिन यांच्या नावाचा घोष केला, तेव्हा क्लबला ५०,००० युरोंचा दंड आणि मैदानाचा काही भाग बंद, अशी शिक्षा झाली. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी याच क्लबने शाख्तारचं यजमानपद केलं होतं.

मोठा फलक न्यायचा असेल तर कापड आग न धरणारं असल्याचा दाखला बऱ्याच मैदानांवर मागतात. तो नसला की मजकूर न वाचताच फलक दारात अडवतात. क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याला मजकूर आणि मोजमाप आधी कळवा. नाकारलं तर लेखी कारण मागा. मैदानाबाहेरच्या रस्त्यावर मात्र पोशाखाचा नियम लागत नाही आणि यूएफाचा दंडही. तिथे औषधं, उबदार कपडे, पैसा गोळा करता येतो.

आणि दंड झालाच, तर सेल्टिकच्या समर्थकांनी २०१६ मध्ये केलं ते करा. इस्रायलच्या हापोएल बेअर शेव्हा क्लबविरुद्ध पॅलेस्टाइनचे झेंडे फडकल्याबद्दल क्लबला १०,००० युरोंचा दंड झाला. समर्थकांनी दंडाएवढी रक्कम पॅलेस्टाइनमधल्या मदतीसाठी जमवायचं निकालाआधीच ठरवलं होतं. जमले एक लाख पौंडांहून जास्त, आणि ते वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेला आणि बेथलेहेमच्या निर्वासित छावणीतल्या मुलांच्या केंद्राला गेले.